किडनी मंदावली की डोस कसा ठरवायचा: वॉर्डातली कृती

दाखल झालेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की बहुतेक केसपेपरवर दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर औषधं आहेत तशीच चालू राहतात. नाहीतर घाबरून सरसकट सगळ्यांचे डोस निम्मे होतात. पहिल्या प्रकारात औषध अंगात साचतं, दुसऱ्यात जंतुसंसर्ग हाताबाहेर जातो. या दुसऱ्या प्रकाराबद्दल फारसं बोललं जात नाही, कारण कमी पडलेल्या अँटिबायोटिकचा ठपका शेवटी आजारावरच बसतो. मला दोन्ही सारखेच धोक्याचे वाटतात, आणि म्हणून डोस कमी कधी करायचा याइतकंच तो कधी कमी करायचा नाही आणि परत कधी वाढवायचा, हेही इथे सांगायचं आहे.

ही कृती मेडिसिन वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी आणि रुग्णालयातल्या फार्मासिस्टसाठी आहे. हे वाचून कोणी घरच्या घरी आपल्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत.

उदाहरणादाखल एक रुग्ण धरू. ७२ वर्षांच्या आजी, उंची पाच फूट, वजन ४६ किलो. मधुमेह आणि रक्तदाब जुना. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला म्हणून दाखल केलंय, बीपी उतरलेलं आहे. क्रिएटिनिन १.४. रिपोर्टवर हा आकडा ठळक छापलेला असला तरी राउंडवर तो बघून ‘थोडंसं वाढलंय’ एवढंच म्हटलं जातं.

१. आधी चार गोष्टी गोळा करा

वय, खरं वजन, आजचं आणि जुनं क्रिएटिनिन, आणि गेल्या २४ तासांतली लघवी. यातलं वजन सगळ्यात जास्त वेळा अंदाजपंचे लिहिलेलं असतं. केसपेपरवर ‘६० किलो’ आणि खाटेवर ४६ किलोच्या आजी, असा प्रकार दुर्मिळ नाही. उभं राहता येत असेल तर काट्यावर उभं करा. येत नसेल तर खुर्चीचा किंवा खाटेचा काटा मागवा. तोही नसेल तर नातेवाइकांना शेवटचं मोजलेलं वजन विचारा आणि ते विचारून लिहिलंय हे नोंदवा. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर ते वजन औषधाच्या हिशेबाचं नव्हे, आजारापूर्वीचं वजन घ्या.

जुनं क्रिएटिनिन शोधायला पाच मिनिटं गेली तरी चालतील. नातेवाइकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट असतात, ते मागून घ्या. आजींचं तीन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन ०.८ निघालं, तर आजचं १.४ ही जुनी किडनीची तक्रार नाही, आत्ता झालेली इजा आहे. इथून पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात.

२. आकडा स्थिर आहे की हलतोय?

४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर किडनीला तीव्र इजा झाली असं धरतात. अशा वेळी कुठलंही सूत्र खोटं बोलतं. किडनीचं काम आज सकाळी थांबलं तरी क्रिएटिनिन रक्तात साचायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे आजचा १.४ हा आकडा कालच्या किडनीबद्दल सांगतोय. चढत्या क्रिएटिनिनच्या रुग्णाची खरी क्षमता सूत्राच्या उत्तरापेक्षा कमी असते आणि उतरत्या क्रिएटिनिनच्या रुग्णाची जास्त. लघवी जवळपास बंदच असेल तर गणित करत बसू नका. क्रिएटिनिन कितीही असो, क्षमता मिनिटाला १० मिलिलिटरच्या खाली आहे असं धरून चाला. युरोबॅगकडे बघणं हा या हिशेबातला सगळ्यात ताजा रिपोर्ट आहे, आणि तो सिस्टरांच्या इनपुट-आउटपुट चार्टवर असतो.

कोट्रायमॉक्साझोलसारखं औषध किडनीला धक्का न लावताही क्रिएटिनिन थोडं वाढवतं, कारण ते नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकणं अडवतं. वाढ दिसली की चार्टवर ते आहे का हेही बघा. त्याने पोटॅशियमही वाढतं, तेव्हा ‘नुसती कागदावरची वाढ’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

३. गणित

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र १९७६चं आहे. त्यानंतर किडनीची क्षमता मोजायची चांगली समीकरणं आली, पण औषधांच्या माहितीपत्रकांतले बरेचसे तक्ते याच सूत्रावर बेतलेले असल्यामुळे डोससाठी ते अजून हाताशी लागतं:

(१४० − वय) × वजन किलोत ÷ (७२ × क्रिएटिनिन). स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा.

आजींचं गणित: १४० वजा ७२ म्हणजे ६८. ६८ × ४६ = ३१२८. खाली ७२ × १.४ = १००.८. भागाकार ३१, गुणिले ०.८५, म्हणजे साधारण २६ मिलिलिटर प्रति मिनिट. ‘थोडंसं वाढलेलं’ १.४ या आजींच्या अंगात म्हणजे चौथ्या टप्प्याच्या किडनीच्या आजाराइतकी क्षमता.

लॅबच्या रिपोर्टवर याच आजींचा ईजीएफआर सुमारे ४० छापून येईल. तो १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसासाठी काढलेला असतो, आणि आजींचं अंग १.४ चौरस मीटरच्या आसपास आहे. त्या प्रमाणात उतरवला तर ३२ येतो. म्हणजे ४०, ३२ आणि २६ असे तीन आकडे समोर आहेत आणि तिन्ही एकाच रक्तातून काढलेले आहेत. लहान चणीच्या, वयस्क स्त्रियांमध्ये ही तफावत सगळ्यात मोठी असते, आणि आपल्या वॉर्डांत अशाच रुग्ण जास्त असतात. म्हणून रिपोर्टवरचा ईजीएफआर थेट डोसच्या तक्त्याला लावू नये.

दोन-तीन खाचखळगे. रुग्ण खूप स्थूल असेल तर खरं वजन घातल्यावर उत्तर फुगतं. तिथे आदर्श वजनात जादा वजनाचे ४० टक्के मिळवून हिशेब करतात. पुरुषाचं आदर्श वजन पाच फुटांना ५० किलो, स्त्रीचं ४५.५, आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. रुग्ण आदर्श वजनापेक्षा हलका असेल तर खरंच वजन घ्या. स्नायू झडलेले रुग्ण, म्हणजे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले, लिव्हर सिरॉसिसचे, पाय कापलेले, यांचं क्रिएटिनिन ०.५ आलं तरी किडनी उत्तम आहे असं समजू नका. क्रिएटिनिन तयारच कमी होतंय. सिस्टॅटिन-सी तपासायची सोय असेल तर अशाच रुग्णांसाठी वापरा.

उलट टोकाचीही आठवण ठेवा. अपघातातला किंवा सेप्सिसमधला तरुण रुग्ण कधी कधी मिनिटाला १३० मिलिलिटरपेक्षा जास्त गतीने औषध बाहेर टाकतो. त्याला नेहमीचा डोसही अपुरा पडू शकतो.

४. चार्ट ओळीओळीने वाचा

उत्तर हातात आल्यावर ड्रग चार्ट वरून खाली वाचायचा आणि प्रत्येक औषधापुढे ठरवायचं: थांबवायचं, बदलायचं, की तसंच ठेवायचं. घरून चालत आलेल्या गोळ्या धरून.

आजींच्या पिशवीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन आणि प्रेगाबालिन ७५ दिवसातून दोनदा निघालं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आजी दुकानातून आणून घेतात, ते विचारल्यावरच कळलं. ‘दुसरं काही घेता का’ असं मोघम विचारू नका. ‘गुडघा दुखला की काय घेता, काढा किंवा भस्म चालू आहे का’ असं नेमकं विचारा.

मेटफॉर्मिन बंद, ईजीएफआर ३० च्या खाली ते द्यायचंच नसतं, आणि सेप्सिसमध्ये लॅक्टेट वाढलेलं असताना तर नाहीच. ग्लिमेपिराइड बंद, साखर इन्सुलिनवर. टेल्मिसार्टन बीपी आणि किडनी सावरेपर्यंत थांबवा. डायक्लोफेनॅक बंद, आणि चार्टच्या ‘गरज पडल्यास’ रकान्यातलं त्याचं इंजेक्शनही खोडा. रात्रपाळीत ते तिथूनच दिलं जातं. जागी पॅरासिटामॉल लिहा. प्रेगाबालिन क्षमता ३० ते ६० असताना निम्मं आणि १५ ते ३० असताना साधारण पाव करतात. आजींच्या बाबतीत म्हणजे दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅम.

पोटॅशियम वाढवणारी औषधं एकत्र आलीत का, हे वेगळं तपासा: स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं, पोटॅशियमचं सिरप. आणि उशाशी ठेवलेलं शहाळं. अशक्तपणा आला म्हणून नातेवाईक ते मायेने आणतात आणि एका शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. फक्त ‘देऊ नका’ म्हणून चालत नाही, त्याऐवजी काय देता येईल ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

काही औषधांना हात लावायची गरज नसते, आणि हे माहीत असणं फार कामाचं आहे. सेफ्ट्रायाक्झोन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड यांचा नेहमीचा डोस किडनीसाठी बदलत नाहीत. (सेफ्ट्रायाक्झोन: किडनी आणि लिव्हर दोन्ही बिघडलेले असतील तर दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे नाही.) पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टोचे रुग्ण किडनी बिघडवूनच येतात, तिथे पेनिसिलिनऐवजी सेफ्ट्रायाक्झोन निवडलं की डोसचा प्रश्नच उरत नाही, शिवाय पेनिसिलिन साचून आकडी येण्याची भीती राहत नाही. घोणस चावलेल्या रुग्णाची लघवी बंद झाली असली तरी सर्पविषविरोधी लशीचा डोस किडनीकडे बघून कमी करायचा नसतो. तो अंगात गेलेल्या विषासाठी आहे.

क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड रोज पूर्ण डोसने चालतात. क्षमता ३० च्या खाली गेली की इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड आठवड्यातून तीनदा देतात. अडचण अशी की चारही औषधं एकाच गोळीत असतील तर त्यातली दोनच कमी करता येत नाहीत. सुटी औषधं मागवावी लागतात, आणि ती मिळेपर्यंतची जबाबदारी कोणाची हे त्याच दिवशी ठरवून घ्यावं.

५. पहिला डोस कापू नका

हे मी सगळ्यात ठासून सांगेन. पहिला डोस रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात औषधाची पातळी उभी करतो. ती पातळी औषध अंगात किती पसरतं यावर ठरते, किडनी किती वेगाने ते बाहेर टाकते यावर नाही. किडनीचा संबंध पुढच्या डोसांशी येतो. टाकी भरायला लागणारं पाणी गळतीवर अवलंबून नसतं, ती भरलेली ठेवायला लागणारं असतं.

म्हणून व्हॅन्कोमायसिनचा लोडिंग डोस गंभीर रुग्णात किलोमागे २० ते ३५ मिलिग्रॅम, किडनी कशीही असली तरी. फ्लुकोनाझोल पहिल्या दिवशी पूर्ण, क्षमता ५० च्या खाली असेल तर दुसऱ्या दिवसापासून निम्मं. मोठा अपवाद डिगॉक्सिनचा. किडनी निकामी झाली की ते अंगात पसरण्याची जागाच आकसते, त्यामुळे त्याचा लोडिंग डोसही कमी करावा लागतो. शिवाय एरवी दीड-दोन दिवस असलेलं त्याचं अर्धायुष्य लघवी बंद असलेल्या रुग्णात चार-पाच दिवसांपर्यंत जातं. विषबाधा मग आठवड्याने, सगळे निर्धास्त झाल्यावर दिसते.

सेप्सिसच्या रुग्णात मी याच्याही पुढे जाईन. दाखल होताना वाढलेलं क्रिएटिनिन अनेकदा सलाइन आणि बीपी सुधारल्यावर ४८ तासांत खाली येतं. मेरोपेनेमसारखं, चुकून थोडं जास्त गेलं तरी सहसा निभावून जाणारं औषध असेल तर पहिले ४८ तास पूर्ण डोस द्यावा आणि मग गणित परत करावं. आजींना १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू केलं. हाच नियम अमिकासिन किंवा कोलिस्टिनला लावायचा नाही. ती औषधं स्वतःच किडनीवर घाव घालतात.

६. डोस कमी की अंतर जास्त?

औषध काम कसं करतं ते बघा. अमिकासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं वर चढलेल्या पातळीवर जंतू मारतात, म्हणून प्रत्येक वेळचा डोस तेवढाच ठेवून अंतर वाढवा. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम रोज, ते क्षमता २० ते ४९ असताना ७५० च पण एक दिवसाआड. अमिकासिनची रक्तातली पातळी मोजायची सोय नसेल आणि किडनी खालावत असेल, तर हिशेब करत बसण्यापेक्षा दुसरं औषध निवडणं बरं.

मेरोपेनेम, पिपरासिलिन यांना पातळी सतत टिकायला हवी असते. मेरोपेनेमचा १ ग्रॅमचा डोस ५० च्या वर दर आठ तासांनी, २६ ते ५० मध्ये तोच दर १२ तासांनी, १० ते २५ मध्ये ५०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, १० च्या खाली ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा.

आता आजींचा आकडा २६. उद्या क्रिएटिनिन १.५ झालं तर तो २४.६ येईल आणि तक्त्याप्रमाणे डोस एकदम निम्मा. तक्त्यातली सीमा ही लक्ष्मणरेषा नव्हे. सीमेवरच्या रुग्णात दोन गोष्टी विचारा: किडनी कोणत्या दिशेने चालली आहे, आणि जास्त झालं तर वाईट की कमी पडलं तर? सेप्सिसमध्ये वरचा डोस घ्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधात खालचा. आजींना गुठळ्या होऊ नयेत म्हणून एनॉक्सापॅरिन द्यायचं, ते क्षमता ३० च्या खाली असल्यामुळे ४० ऐवजी २० मिलिग्रॅम, नाहीतर साधं हेपरिन. उपचाराचा डोस असता तर किलोमागे १ मिलिग्रॅम दोनदाऐवजी एकदाच.

७. गुंगी आली तर आधी चार्ट बघा

वयस्क रुग्ण असंबद्ध बोलू लागला, हात झटकू लागला, झोपेतून उठेना, की ‘युरिया चढला’ किंवा ‘वय झालं’ असं म्हणून सोडून दिलं जातं. युरिया कालइतकाच असेल तर मग आजच काय बदललं? सेफेपीम साचलं की गोंधळ, स्नायूंचे झटके आणि आकडीही येते. शिरेतून दिलेल्या असायक्लोव्हिरने भास होतात. मेंदूज्वरासाठी ते देत असताना हा फरक ओळखणं कठीण जातं, म्हणून सुरुवातीपासूनच अंतर बरोबर ठेवा: ५० च्या वर दर आठ तासांनी, २५ ते ५० मध्ये १२, १० ते २५ मध्ये २४ तासांनी, प्रत्येक वेळी तासभर सावकाश आणि पुरेशा सलाइनबरोबर. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, बॅक्लोफेन हे नेहमीचे संशयित. बॅक्लोफेनच्या एक-दोन गोळ्याही डायलिसिसच्या रुग्णाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतात.

मॉर्फिनचं यकृतात रूपांतर होऊन तयार होणारा घटक मॉर्फिनपेक्षा कमी प्रभावी नसतो आणि तो किडनीतूनच जातो. त्यामुळे श्वास मंदावणं काही तासांनी, डोस ‘उतरला’ असं वाटत असताना दिसतं. तिथे फेंटानिल बरं. ट्रॅमाडॉल ३० च्या खाली दर १२ तासांनी, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. पेथिडिन नकोच.

इन्सुलिनही इथेच आठवावं. किडनी इन्सुलिन मोडते; ती मंदावली की तेच युनिट जास्त वेळ काम करतं. क्षमता ५० च्या खाली गेली की साधारण पाव भाग आणि १० च्या खाली निम्म्याने कमी करून सुरुवात करतात, पुढे साखरेवर ठरवतात. घाम आणि गुंगी दिसली तर सगळ्यात आधी ग्लुकोमीटर.

८. डायलिसिसचा दिवस

लहान रेणूचं, पाण्यात विरघळणारं, प्रथिनांना कमी चिकटणारं औषध डायलिसिसमध्ये धुऊन जातं. मेरोपेनेम, पिपरासिलिन, अमिकासिन ही त्यातली. सकाळी आठला डोस देऊन नऊला मशीनवर पाठवणं म्हणजे औषध नळीतून टाकून देणं. डोसच्या वेळा डायलिसिसनंतरच्या ठेवा, आणि वेळ बदलली तर युनिटमधून वॉर्डात फोन येईल अशी व्यवस्था करा.

९. रोज परत गणित, आणि परत वाढवणं

तिसऱ्या दिवशी आजींचं क्रिएटिनिन १.० वर आलं. क्षमता ३७. मेरोपेनेम पूर्ण डोसवरून १ ग्रॅम दर १२ तासांवर आणलं, आणि त्याच वेळी एनॉक्सापॅरिन २० वरून ४० वर नेलं, प्रेगाबालिन दिवसाला ७५ केलं. एकाच सकाळी एक औषध उतरलं आणि दोन चढली. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन ०.८, म्हणजे आजींचं नेहमीचं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. क्षमता मात्र ४६. म्हणजे बरं वाटत असतानाही या आजी मेरोपेनेमच्या दर १२ तासांच्याच रकान्यात आहेत.

कमी केलेला डोस वेळेत परत न वाढवणं हे माझ्या मते वॉर्डातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम आहे. डोस कमी करताना सगळे जागे असतात. किडनी सावरते तेव्हा रुग्णही बरा दिसतो, आणि पाव डोसावरचं अँटिबायोटिक तसंच चालत राहतं. यावर उपाय साधा आहे. चार्टवर डोसशेजारी आजची तारीख, क्रिएटिनिन, काढलेली क्षमता आणि ‘पुन्हा कधी बघायचं’ ते लिहा. जसं: ‘मेरोपेनेम १ ग्रॅम दर १२ तासांनी, क्षमता ३७, परवा पुन्हा’. रात्रपाळीच्या डॉक्टरला आणि सिस्टरांना डोस विचित्र वाटला तर कारण तिथेच दिसतं, आणि कोणी ‘चुकलेला’ डोस मनाने सुधारत नाही. सिस्टरांना बदल तोंडीही सांगा, कारण ड्रॉवरमध्ये जुन्या वेळेनुसार भरलेली औषधं पडून असतात.

१०. डिस्चार्ज कार्ड

घरी जाताना प्रत्येक थांबवलेल्या औषधापुढे लिहा की ते कायमचं बंद आहे की परत सुरू करायचं, आणि कधी. आजींसाठी: डायक्लोफेनॅक कायमचं बंद. टेल्मिसार्टन आठवड्याने क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि बीपी बघून. मेटफॉर्मिन त्याच रिपोर्टवर ठरवून; ईजीएफआर ४५ च्या खाली राहिला तर दिवसाला १ ग्रॅमच्या वर नाही. प्रेगाबालिन दिवसाला ७५, जुन्या चिठ्ठीप्रमाणे दोनदा नाही. कार्डावर आजचं क्रिएटिनिन आणि वजन मोठ्या अक्षरांत लिहा. घरच्या जुन्या गोळ्यांची पिशवी तिथेच उघडायला सांगा, बंद झालेल्या पट्ट्या नातेवाइकांसमोर बाजूला काढा, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.